सुट्टी नसलेली पाळी

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सनने कंपवाताचे वर्णन केले, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असे लिहिले. पुढे अनुभव निराळा आला. कित्येक रोग्यांस काही वर्षांनी स्मृतिभ्रंशही जडतो. नसलेली माणसे दिसतात. सकाळी नीट बोलणारा संध्याकाळी गोंधळतो. घरच्यांस ते सोंग वाटते. तो रोगाचाच भाग होय.

वागळे इस्टेटीत आम्ही पाळ्यांसाठी भांडलो. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा व एक सुट्टी दिली. पण डोंबिवलीच्या दोन खोल्यांत सासऱ्यांना उठवणारी, भरवणारी, रात्र जागणारी सून? तिची पाळी बदलावयास कोणी येत नाही. नवरा पहाटेची लोकल धरतो. बंधूंनो, आठवड्याची एक पाळी तरी तुम्ही घ्या.