हिरडीखालची बांधणी

दात हलू लागला की 'आता वय झाले' असे म्हणून माणूस गप्प बसतो. नांदेड-लातूरकडे आम्ही हे इतक्या तोंडून ऐकले आहे की, त्याची जणू म्हणच झाली आहे. पण नुसत्या वयाने दात पडत नाहीत. गळून हातात आलेला दात पुष्कळदा धड असतो. त्याला कीड नाही की भेग नाही. मग तो पडला का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील घरे कोसळली. त्या भिंतींतले दगड कच्चे नव्हते. दगडाला दगडाशी धरणारी माती कच्ची होती. दाताचेही तसेच आहे.

खुंटा जमिनीत ठोकावा तसा दात जबड्यात ठोकलेला आहे, अशी आपली समजूत असते. तसे नाही. दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा हाडासारखा पातळ थर असतो आणि जबड्याच्या हाडात मुळाच्या आकाराची खोबण असते. या दोहोंमधल्या जेमतेम पाव मिलिमीटर फटीत असंख्य बारीक तंतू असतात. त्यांचे एक टोक सिमेंटममध्ये रुतलेले, दुसरे हाडात. सुतळीच्या बाजेवर माणूस निजावा, तसा दात या तंतूंवर तोललेला असतो. कडक भाकरी चावताना येणारा जोर हाडावर आदळत नाही, तंतू तो ताणून घेतात. भातात खडा लागताच आपण चटकन थांबतो, त्यातही या तंतूंतल्या संवेदनेचा मोठा वाटा असतो.

या बांधणीवर झाकण हिरडीचे. हिरडी आणि दात यांच्यामध्ये निरोगी माणसातही एक ते तीन मिलिमीटर खोल चर असते. तिच्यात जंतूंचा बुळबुळीत थर साचला की हिरडी सुजते, घासताना रक्त येते. येथवर आटोक्यात आणले तर हिरडी पूर्ववत होते. पुढे लाळेतल्या क्षारांनी तो थर टणक होऊन त्याचे कीटण बनते. सूज खोल उतरली की तंतू तुटतात, हाड झिजते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. मधुमेह असेल तर ही झीज अधिक वेगाने होते.

आता मशेरीविषयी, कोणी तिला मिसरी म्हणतात. 'मिसरी लावली की रक्त थांबतं' असे आमच्या मायबहिणी सांगतात, आणि ते अगदीच खोटे नाही. तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त कमी दिसते. खालची झीज मात्र चालूच राहते. चोर घरात असताना कुत्र्याचे तोंड बांधावे, तसला हा उपाय!

'कीटण काढले की दात ढिले होतात' अशीही एक भीती आहे. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी आज दंतवैद्यक महाविद्यालये आहेत, तरी या भीतीने लोक तेथे जाण्याचे टाळतात. वास्तविक दात आधीच ढिला झालेला असतो. फटीत बसलेल्या कीटणामुळे तो घट्ट भासतो. कीटण निघाल्यावर जी फट दिसते, ती हिरडी आणि हाड कधीच सोडून गेले होते तेथली असते.