हे चित्र कशाचे?

आज ज्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, त्या आमच्या नगर जिल्ह्यातील एका खेड्यात मी मुख्याध्यापक होतो. एके दिवशी मासिकात छापलेले एक चित्र मी सातवीच्या वर्गात दाखविले. पिवळ्या रंगाचा मोठा पट, त्यात कोठे कोठे तरंगणारे तपकिरी ठिपके. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. मुले गप्प राहिली. अखेर मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, हे चित्र आहे तरी कशाचे?”

मुलगा धीट होता. जो प्रश्न मोठमोठी माणसे मनातच ठेवतात, तो त्याने उघड विचारला. ते चित्र वासुदेव गायतोंडे यांचे होते. गायतोंड्यांचे घराणे गोव्याचे. त्यांचा जन्म १९२४ साली नागपुरास झाला आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून त्यांनी १९४८ साली पदविका घेतली. आरंभी तेही माणसे व वस्तू रंगवीत. पुढे एकेक आकार त्यांच्या चित्रांतून मावळत गेला आणि उरला तो रंग, प्रकाश व पोत. अशा चित्रांना आपण अमूर्त चित्रे म्हणतो. खुद्द गायतोंड्यांना मात्र हा शब्द पसंत नव्हता. आपले चित्र वस्तुनिरपेक्ष आहे, असे ते म्हणत.

लग्नघरी पहाटे सनई वाजू लागते, तेव्हा ती कशाची नक्कल करीत आहे, असे कोणी विचारीत नाही. तिच्यात शब्द नसतात, तरी मन हेलावते. मग रंगांपुढे तसेच उभे राहावयास आपण का कचरतो? चित्र म्हणजे ओळखावयाची वस्तू, अशी सवय आपणांस लहानपणीच लागलेली असते. ही सवय मोडण्याचे प्रयोग दूरच्या देशांतही झाले. अर्जेंटिनातील ब्युनोस आयरीस नगरात १९४६ साली ‘मादी’ या नावाने एकत्र आलेल्या कलावंतांनी तर चित्राची चौकोनी चौकटच मोडली व वाकड्यातिकड्या कडांची चित्रे केली. गायतोंड्यांनी चौकट ठेवली. आतील वस्तू तेवढ्या काढून टाकल्या.

मधल्या सुटीत तो मुलगा पुन्हा आला. “गुरुजी, आधी पिवळा रंग दिला, की आधी हे ठिपके?”

मला मोठा आनंद झाला. आता तो चित्र पाहू लागला होता! गायतोंडे कुंचल्यावर फारसे विसंबत नसत. ते रूळ फिरवून आणि पात्याने रंग पसरीत. एका थरावर दुसरा पातळ थर देत, मग कोठे कोठे तो खरवडून काढीत. कागदाचे फाटके तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलीत, म्हणजे त्यांचे ठसे उमटत. चुना दिलेल्या भिंतीतून जुना रंग डोकावतो, तसे खालचे थर वर डोकावतात. त्यामुळे आधी काय नि नंतर काय, हे सांगणे कठीणच. वर्षाकाठी त्यांची पाचसहा चित्रेच पुरी होत.

१९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण राहणी तशीच राहिली, दिल्लीत एका लहानशा जागेत, एकट्याची. १९८४ मधील अपघातानंतर काही वर्षे त्यांना मोठी चित्रे करता आली नाहीत. २००१ साली ते निवर्तले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले.

मासिकातील चित्र तळहाताएवढे होते. मूळ चित्रे पुष्कळदा पुरुषभर उंचीची असतात, असे मी सांगितले, तेव्हा त्या मुलाने वर्गाच्या भिंतीवर हात उंच करून तेवढी जागा मोजली आणि घंटा होईपर्यंत तो तेथेच उभा राहिला.