पंतप्रधानांच्या गाडीची काच

ताफा टीव्हीवर दिसला की सगळे गाडीचा ब्रँड विचारतात. माझी नजर मात्र काचेवर जाते!

आपले पंतप्रधान अनेक वर्षं अँबेसेडरमधून फिरले. वाजपेयींच्या काळात चिलखती बीएमडब्ल्यू ७ सीरिज आली आणि मनमोहन सिंगांनीही तीच वापरली. मोदींच्या ताफ्यात पुढे रेंज रोव्हर, लँड क्रूझर आणि मर्सिडीज-मायबाख गार्ड दिसू लागल्या.

आता काच. ती एकसंध नसते, थरांची असते. बाहेरची कडक काच स्वतः फुटते आणि फुटताना गोळीचं टोक चेपून तिचा जोर खाते. सगळ्यात आतला पॉलिकार्बोनेटचा थर लवचीक असतो. तो उडणारे तुकडे आत येऊ देत नाही. फुटून वाचवणारी काच! मला यातली ही कल्पना सर्वांत सुंदर वाटते.

टायरच्या आत भक्कम कडं असतं, त्यामुळे हवा गेली तरी गाडी पळत राहते. पळणं हाच खरा बचाव.

ताफ्यात हुबेहूब दिसणाऱ्या गाड्याही असतात. पंतप्रधान नेमके कुठल्या गाडीत, हे हल्लेखोराला कळू नये म्हणून. टपावर अँटेना असलेली गाडी दिसली, तर ती जॅमरची. रिमोटने होणारा स्फोट रोखायला ती सोबत असते.