रानाच्या कडेचा वारा

हरणाला माणसाचा वास दुरूनच लागतो. म्हणून ब्रिटनमध्ये रो हरणाचा शिकारी वारा तोंडावर घेत पुढे सरकतो. मात्र झाडीजवळ वारा सरळ वाहत नाही. दाट झाडीवर आदळलेला वारा बराचसा शेंड्यांवरून निघून जातो. आत शिरलेला मंदावतो. पलीकडच्या आडोशाला वरून गेलेला वारा खाली उतरून भोवरे घेतो आणि जमिनीलगत उलटा, झाडीकडे फिरतो. झाडीतल्या मोकळ्या पट्ट्यात शिरला, की पट्ट्याच्या दिशेने वळतो. वारा पडलेला असताना उतारावर दिवसा तापलेली हवा वर चढते, संध्याकाळी गार हवा खाली उतरते. त्यामुळे ढगांच्या दिशेवर विसंबता येत नाही. शिकारी चिमूटभर बारीक पूड उडवून जागोजागी वारा तपासतो.