साड्यांच्या गठ्ठ्यांमागचा क्लाउड

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचं पाणी सुरतेत शिरलं, तेव्हा आम्ही रांदेरला तळमजल्यावर भाड्याने राहायचो. पाणी ओसरल्यावर आईने लग्नाचा अल्बम उन्हात ठेवला. फोटो एकमेकांना चिकटले होते. सोडवायला जावं तर चेहराच निघून यायचा. त्यानंतर आम्ही चलथाणला आलो. घरात सर्व्हर चालवायचं वेड कुठून लागलं असं कुणी विचारलं, की मी त्या अल्बमपासून सांगायला लागतो.

२०१८ साली पहिला सर्व्हर उभा राहिला तो पडदा फुटलेल्या लॅपटॉपवर. ४ जीबी रॅम, त्यात उबुंटू आणि वर नेक्स्टक्लाउड. फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० मध्ये ओनक्लाउड सुरू केलं होतं. २०१६ मध्ये त्यातूनच फुटून नेक्स्टक्लाउड निघालं. फोटो आणि फायली ठेवायचं मुक्त सॉफ्टवेअर, आपल्याच यंत्रावर चालणारं. जुना लॅपटॉप यासाठी फार चांगला, कारण वीज गेली की त्याचीच बॅटरी उपयोगी पडते. सरासरी १५ वॅट धरले तर महिन्याला ११ युनिट. वडिलांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

जागा मिळाली ती आईच्या लेस लावायला आलेल्या साड्यांच्या गठ्ठ्यांमागे. चार महिन्यांत यंत्र तापून बंद पडायला लागलं. पंखा उघडला तर आत तंतूंची गादी, आणि त्यात अडकलेली एक सोनेरी टिकली. तेव्हापासून दर अमावास्येला पंखा साफ करायचा नेम आहे. तारीख विसरतो, अमावास्या विसरत नाही.

बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत पोचणं मात्र जमेना. राउटरमध्ये सगळं बरोबर भरलेलं, तरी दार उघडत नव्हतं. कितीतरी रात्री गेल्यावर राउटरचा पत्ता नीट पाहिला. तो १०० ने सुरू होत होता. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात जेमतेम ४२९ कोटी, ते पुरत नाहीत, म्हणून अनेक घरं मिळून एकच पत्ता वापरतात. २०१२ मध्ये त्यासाठी १००.६४ पासूनचा एक गट राखून ठेवला गेला. म्हणजे टपाल चाळीच्या फाटकापर्यंत येतं, खोली नंबर कुणालाच माहीत नसतो. २०२० मध्ये दोन यंत्रांमध्ये बोगदा काढणारं वायरगार्ड लिनक्सच्या गाभ्यात आलं. स्वस्तात भाड्याने मिळणारा एक छोटा सर्व्हर मध्ये ठेवला, घरातूनच त्याच्याकडे बोगदा काढला आणि प्रश्न सुटला.

१ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली आणि १५ जीबीची मर्यादा लागली. ज्या नातेवाइकांनी तोवर ‘कशाला हा उद्योग’ म्हटलं होतं, तेच आता फोन घेऊन घरी यायला लागले. मला अभिमान वाटला, आणि त्याच वर्षी मी सर्वांत मोठी चूक केली. आईच्या फोनची जागा भरली, तिने जुनी फाईल समजून काही पुसलं, आणि दोन्हीकडे जुळवून ठेवणाऱ्या माझ्या प्रोग्रामने सर्व्हरवरूनही तेच पुसलं. त्यात आजीच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांची ध्वनिफीत होती, बटणांच्या फोनवर घेतलेली. आजी २०१५ मध्ये गेली. प्रोग्रामने सांगितलं तेच केलं होतं. दोन जागी एकसारखं ठेवणं म्हणजे जपून ठेवणं, असं मीच धरून चाललो होतो.

गाणी सापडली ती नंदुरबारला, फुईच्या, म्हणजे आत्याच्या, जुन्या मेमरी कार्डात. त्यानंतर मी आरसा आणि बॅकअप यांची गल्लत केली नाही. रोज रात्री रेस्टिक नावाचा बॅकअपचा प्रोग्राम कुलूपबंद प्रत घेतो, जुन्या आवृत्त्यांसकट, आणि ती फुईच्या घरी जाते. पहिली प्रत तीनशे जीबीची होती. आमच्या ४ एमबीपीएसच्या अपलोडने आठवडा लागला असता. म्हणून हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून चलथाणहून नंदुरबारच्या गाडीत बसलो. नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. तिथे चहा प्यालो तेव्हा डिस्क मांडीवरच होती.

फुईच्या कपाटावर एक रास्पबेरी पाय संगणक आहे, हातात मावेल एवढा. पहिल्या दिवशी तिने विचारलं, “हाई काय शे?” मी सांगितलं, आजीची गाणी आहेत यात, आणि हिरवा दिवा लुकलुकला की चलथाणहून काहीतरी आलं समजायचं. एवढं तिला पुरलं. २०२२ मध्ये आलेलं इमिच हे फोटोंचं सॉफ्टवेअर मी आता घरी चालवतो. त्यात चेहऱ्यांवरून फोटो शोधता येतात, आणि चेहरे ओळखण्याचं काम घरातल्याच यंत्रावर होतं. पण आईला तेवढं नको असतं. रात्री साडीची शेवटची किनार टाचून झाली की ती गठ्ठा सरकवते, आणि नंदुरबारला फोन लावते.

“दिवा लागेल शे का?”

फुई उठून बघते, मग सांगते.