अभिचालित्र, बहुमार्गी वाय-फाय

घरातील दोन वा अधिक विद्युत् उपकरणे वाय-फाय जालामार्फत मिळणाऱ्या आज्ञेनुसार स्वतंत्रपणे चालू वा बंद करणारे साधन. व्यवहारात ज्यांना रिले म्हणतात त्या विद्युत् चुंबकीय अभिचालित्रांचा संच, त्यांचे नियंत्रण करणारा सूक्ष्मप्रक्रियक व बिनतारी प्रेषक-ग्राही हे तिन्ही घटक या साधनात एकाच मुद्रित मंडलाच्या फलकावर बसविलेले असतात. प्रत्येक अभिचालित्र व त्याचे स्पर्शक मिळून एक ‘मार्ग’ होतो. दोन, चार, आठ व सोळा मार्गांची साधने मिळतात; घरगुती वापरात चार मार्गांचे साधन विशेष आढळते. गृहस्वयंचालनाचे हे सर्वांत साधे व स्वस्त अंग आहे.

इतिहास : क्षीण प्रवाहाने प्रबल प्रवाहाचे नियंत्रण करण्याची कल्पना अमेरिकन भौतिकीविज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. पुढे तारायंत्र व दूरध्वनी यांत अभिचालित्राचा मोठा उपयोग झाला. घरातील उपकरणे दुरून चालविण्याची पहिली व्यापारी पद्धती स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये विकसित केली. ‘एक्स १०’ या नावाने ती ओळखली जाते. तीत संदेश घरातील वीजपुरवठ्याच्या तारांतूनच पाठविले जात. अमेरिकेत १९८५ मध्ये काही कंप्रता पट्टे परवान्याविना वापरण्यास खुले झाले आणि १९९७ मध्ये ८०२.११ हे बिनतारी जालाचे मानक प्रसिद्ध झाले. भारतात २,४०० ते २,४८३.५ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीचे ‘ईएसपी ८२६६’ हे एकत्रित मंडल २०१४ मध्ये बाजारात आले. सूक्ष्मप्रक्रियक व वाय-फाय प्रेषक-ग्राही हे दोन्ही त्यात एकत्र असून किंमत अत्यल्प असल्यामुळे प्रस्तुत साधनाचा प्रसार झपाट्याने झाला.

रचना व कार्य : साधनाचे चार भाग कल्पिता येतात. (१) वीजपुरवठा : २३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबापासून ५ व्होल्ट एकदिश दाब मिळविला जातो. त्यापासून सूक्ष्मप्रक्रियकासाठी ३.३ व्होल्ट दाब तयार करतात. (२) सूक्ष्मप्रक्रियक : हा घरातील राउटरशी सतत जोडलेला राहतो व आलेल्या आज्ञेचा अर्थ लावून संबंधित अग्रावर दाब निर्माण करतो. (३) चालक मंडल : सूक्ष्मप्रक्रियकाच्या अग्रातून जेमतेम १२ मिलिअँपिअर प्रवाह घेता येतो, तर ५ व्होल्टच्या नेहमीच्या अभिचालित्राच्या वेटोळ्यास सु. ७० मिलिअँपिअर लागतो. म्हणून मध्ये ट्रँझिस्टर योजतात. वेटोळ्यातील प्रवाह तुटताना उद्‌भवणाऱ्या उलट दाबाने ट्रँझिस्टर निकामी होऊ नये यासाठी वेटोळ्याला समांतर डायोड जोडलेला असतो. (४) अभिचालित्र : वेटोळ्यात प्रवाह वाहू लागताच लोखंडी गाभा चुंबक बनतो, आर्मेचर ओढले जाते आणि स्पर्शक मिटतात. या क्रियेस सु. १० मिलिसेकंद लागतात. त्या वेळी होणारा ‘टक’ असा आवाज आर्मेचराचा असतो.

प्रत्येक मार्गास बहुधा तीन अग्रे असतात : सामाईक, सामान्यतः उघडे व सामान्यतः मिटलेले. दिवा वा पंखा यांसाठी फेजची तार सामाईक अग्रास व उपकरणाकडे जाणारी तार सामान्यतः उघड्या अग्रास जोडतात. त्यामुळे साधन बंद पडल्यास उपकरणही बंद राहते. न्यूट्रल तार अभिचालित्रातून नेत नाहीत, कारण तसे केल्यास बंद उपकरणातही फेजचा दाब कायम राहतो व त्याला स्पर्श करणाऱ्यास धक्का बसू शकतो.

आज्ञेचा प्रवास : मोबाइल दूरध्वनीवरून दिलेली आज्ञा सामान्यपणे इंटरनेटमार्फत निर्मात्याच्या दूरस्थ संगणकाकडे जाते व तेथून घरातील राउटरमार्गे साधनापर्यंत येते. साधन स्वतःहून त्या संगणकाशी संपर्क जोडून तो टिकवून ठेवते. म्हणून राउटरमध्ये वेगळा बदल न करताही बाहेरगावाहून दिवा लावता येतो. दुसऱ्या पद्धतीत नियंत्रक संगणक घरातच असतो. त्यासाठी २०१३ मध्ये सुरू झालेली ‘होम असिस्टंट’ ही मुक्त आज्ञावली प्रसिद्ध आहे. संदेशांच्या देवघेवीसाठी ‘एमक्यूटीटी’ हा संकेत बराच वापरला जातो. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लेन निपर यांनी तो १९९९ मध्ये तेलाच्या नळमार्गांवर उपग्रहाद्वारे देखरेख ठेवण्यासाठी रचला होता. निरनिराळ्या निर्मात्यांच्या साधनांत मेळ राहावा म्हणून ‘मॅटर’ हे सामाईक मानक २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारक्षमता : फलकावरील अभिचालित्रावर बहुधा ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ असे छापलेले असते. हा आकडा रोधक भारासाठी, म्हणजे तापतारेसारख्या भारासाठी असतो. ७५ वॉटचा छताचा पंखा सु. ०.३३ अँपिअर प्रवाह घेतो व तो सहज चालतो. २,००० वॉटचे पाणी तापविण्याचे उपकरण सु. ८.७ अँपिअर घेते. ही मात्रा मर्यादेच्या आत असली, तरी तेवढा प्रवाह दीर्घकाळ वाहिल्यास मुद्रित मंडलाच्या बारीक तांब्याच्या पट्ट्या व जोडणीचे स्क्रू तापतात. गच्चीवरील टाकीत पाणी चढविणारा एक अश्वशक्तीचा पंप चालताना सु. ६ ते ७ अँपिअर घेतो. परंतु सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच पट वा अधिक प्रवाह वाहतो. अशा वेळी उडणाऱ्या ठिणगीने स्पर्शक वितळून एकमेकांस चिकटतात. मग बंद करण्याची आज्ञा पोहोचूनही पंप बंद होत नाही. म्हणून पंपासाठी लहान अभिचालित्राने मोठ्या क्षमतेचा काँटॅक्टर चालवावा व काँटॅक्टरने मोटर चालवावी, ही रीत सुरक्षित मानली जाते. अनेक एलईडी दिवे एकाच मार्गावर जोडल्यासही त्यांतील धारित्रांमुळे आरंभीचा प्रवाह मोठा असतो, हे लक्षात घ्यावे लागते.

अभिचालित्र उपकरण केवळ चालू वा बंद करते. पंख्याची गती बदलण्यासाठी नियंत्रक वेगळा ठेवावा लागतो. स्पर्शकांऐवजी अर्धसंवाहक वापरल्यास आवाज व ठिणगी टळते; परंतु बंद स्थितीतही त्यातून किंचित प्रवाह झिरपतो व त्यामुळे एलईडी दिवे मंद मिणमिणू शकतात.

बसविणे : साधनास स्वतःसाठी फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा लागतात. भारतीय घरांतील स्विचफलकावर खटक्यांसोबत सॉकेटही असल्यामुळे न्यूट्रल तेथे बहुधा उपलब्ध असते. ज्या पेटीत केवळ दिव्याचा खटका असतो तेथे ती वेगळी आणावी लागते. भिंतीत पुरलेली स्विचपेटी पत्र्याची असल्यास रेडिओ तरंग अडतात व संपर्क वारंवार तुटतो. सलोह काँक्रीटच्या भिंतींनीही तरंग क्षीण होतात. म्हणून साधन बसविण्यापूर्वी नियोजित जागी वाय-फाय संदेश पुरेसा येतो की नाही, हे पाहणे इष्ट असते.

भिंतीवरील खटके काढून टाकणे योग्य नाही. बहुतेक साधनांत खटक्यासाठी वेगळी अग्रे दिलेली असतात. त्यांना जुना खटका जोडल्यास जाल बंद असतानाही हाताने दिवा लावता येतो. घरातील वृद्ध, मुले व पाहुणे यांच्या दृष्टीने ही सोय अत्यावश्यक आहे. मात्र स्वस्त साधनांतील वीजपुरवठा पृथक्कृत नसल्यास या अग्रांवरही मुख्य पुरवठ्याचा धोकादायक दाब असू शकतो.

पडदे वा गुंडाळदार यांच्या मोटरीस पुढे व मागे अशा दोन दिशांसाठी दोन मार्ग लागतात. ते एकाच वेळी चालू झाल्यास मोटर जळते. म्हणून एक मार्ग मिटला असता दुसरा मिटू न देणारा आंतरबंध योजतात.

मर्यादा व सुरक्षितता : वीज जाऊन परत आल्यावर मार्ग कोणत्या स्थितीत यावा, हे आधी ठरवावे लागते. दिव्याच्या बाबतीत पूर्वीची स्थिती चालते. इस्त्री, शेगडी वा पंप यांसाठी मात्र ‘बंद’ हीच स्थिती योग्य होय. पंप चालू असता संपर्क तुटल्यास टाकी वाहू लागेल किंवा कोरडा पंप जळेल. यासाठी ठराविक वेळेनंतर पंप बंद करण्याची तरतूद दूरच्या संगणकात न ठेवता साधनातच असावी आणि टाकीतील तरंगता खटका वेगळा ठेवावा.

अभिचालित्राने दिवा बंद करणे म्हणजे मंडल वीजपुरवठ्यापासून तोडणे नव्हे. शिडीवर चढून दिवा बदलणाऱ्या व्यक्तीच्या वेळी दुसऱ्या कोणी, किंवा आधी ठरविलेल्या वेळापत्रकाने, मार्ग चालू केल्यास अपघात घडू शकतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी मुख्य मंडल खंडक हाताने बंद करणे, मंडलावर ३० मिलिअँपिअर गळती प्रवाहाला तुटणारा खंडक असणे आणि जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घेणे आवश्यक ठरते.

दूरस्थ संगणकावरील अवलंबन ही दुसरी मर्यादा होय. ‘रिव्हॉल्व्ह’ या गृहनियंत्रकाची सेवा मे २०१६ मध्ये बंद झाली व ग्राहकांनी विकत घेतलेली यंत्रे निरुपयोगी ठरली. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’चे संगणकही अकस्मात बंद पडले. घरातल्या घरात चालणारी पद्धती या दृष्टीने अधिक भरवशाची आहे. तसेच २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक आज्ञावलीने, निर्मात्याने दिलेला परवलीचा शब्द न बदललेले असंख्य कॅमेरे व राउटर आपल्या ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर रोजी त्यांच्याद्वारे अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. परवलीचा शब्द बदलणे, आज्ञावली अद्ययावत ठेवणे व अशा साधनांसाठी वेगळे वाय-फाय जाल योजणे हे त्यावरील उपाय होत. दिवे केव्हा लागतात व विझतात यावरून घरात कोण केव्हा असते याचे अनुमान करता येते. म्हणून ही माहिती कोणाकडे साठते, हेही साधन निवडताना पाहिले पाहिजे.

साधन स्वतःही वीज वापरते. चारही मार्ग मिटलेले असता वेटोळ्यांत सु. १.४ वॉट व इतर मंडलात सु. अर्धा वॉट शक्ती खर्च होते. अखंड वापरात हा खर्च महिन्याला सु. दीड युनिट येतो. विसरून चालू राहिलेला ७५ वॉटचा एक पंखा तेवढी वीज वीस तासांत वापरतो. त्यामुळे साधनाने वीज वाचते की नाही, हे ते कोणत्या उपकरणांना जोडले आहे व त्यांचे वेळापत्रक किती विचारपूर्वक आखले आहे यांवर अवलंबून असते.