शब्दांच्या मुळाशी : राजापूरच्या फॅक्टरीत काय बनत होतं?

गेल्या महिन्यात इतिहासाचा एक विद्यार्थी भाषांतराची वही घेऊन आला. शिवकाळातल्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारावरचा एक इंग्रजी लेख त्याने मराठीत आणला होता. मराठी चांगलं होतं. एका ओळीपाशी मात्र मी थांबलो : ‘राजापूर येथे इंग्रजांचा कारखाना होता.’ विचारलं, त्या कारखान्यात काय बनत होतं? थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, ‘सर, कापड असेल.’

शब्द अडला असता तर त्याने कोश उघडला असता. पण मूळ लेखातला ‘फॅक्टरी’ हा शब्द कोल्हापुरात कुणाला अडतो? शिरोली, गोकुळ शिरगावच्या वसाहतींत सकाळच्या पाळीला निघालेली माणसं रोज तोच शब्द बोलतात. अनोळखी शब्द आपल्याला सावध करतो, ओळखीचा शब्द बेसावध गाठतो. म्हणून या आठवड्यात अवघड शब्द बाजूला ठेवून सोपे घेऊ.

ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत ‘फॅक्टर’ म्हणजे मालकाच्या वतीने परमुलखात खरेदी-विक्री करणारा अडत्या. असे फॅक्टर जिथे राहत, माल साठवत, हिशेब ठेवत, ती फॅक्टरी. तिथे यंत्र नव्हतं, धुराडं नव्हतं. आपल्याकडे तिला नेमका शब्द होता : वखार. सुरतेची वखार, राजापूरची वखार. माल घडवण्याच्या जागेला इंग्रजीत ‘मॅन्युफॅक्टरी’ हा वेगळा शब्द होता. पुढे यंत्रयुग आलं, तो लांबलचक शब्द मागे पडला आणि त्याचा अर्थ फॅक्टरीने घेतला.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, ते पन्हाळ्यावर उभं राहिलं की कळतं. 1660 साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन सिद्दीच्या मदतीला आला. इंग्रजांचं निशाण लावून गडावर मारा झाला. शिवाजी महाराज जुलैमध्ये वेढ्यातून निसटून विशाळगडी पोहोचले. पुढच्याच वर्षी, 1661 मध्ये, त्यांनी राजापूर लुटलं, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकलं. ‘कारखाना’ असं भाषांतर केलं, तर व्यापाराच्या नावाखाली आलेल्या अडत्याने लढाईत हात घातला आणि त्याची शिक्षा भोगली, हा या प्रसंगाचा गाभाच हरवतो. शिवाय कारखाना हा आपला शब्दही त्या काळी वेगळा होता. राज्याचे अठरा कारखाने म्हणजे तोफखाना, पीलखाना, जामदारखाना यांसारखी खाती आणि कोठारं. एका चुकीच्या शब्दाने दोन भाषांचा इतिहास एकदम बिघडतो.

त्याच वहीत ‘रायटर’चा ‘लेखक’ झाला होता. कंपनीत रायटर म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा कारकून. कोलकात्याची रायटर्स बिल्डिंग ही साहित्यिकांची नव्हे, या कारकुनांची. संस्थानी कागदांतला ‘रेसिडेंट’ही रहिवासी नसतो. तो दरबारात बसवलेला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी.

हे झाले मेलेले अर्थ. काही जुने अर्थ मात्र आपल्या गावात ठणठणीत जिवंत आहेत. ‘पॅटर्न’ घ्या. आजच्या इंग्रजीत साधारणपणे त्याचा अर्थ नक्षी किंवा पुन्हा पुन्हा दिसणारी रचना. मूळ अर्थ : ज्याच्यावरून दुसरी वस्तू बेतायची, तो नमुना. फाउंड्रीने तोच अर्थ सांभाळला आहे. उद्यमनगरातल्या पॅटर्नमेकरसाठी पॅटर्न म्हणजे सागवानात किंवा अॅल्युमिनियममध्ये घडवलेली, हातात धरता येणारी वस्तू. ती वाळूत दाबून काढली की पोकळी उरते आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. लोखंड थंड होताना आकसतं, साधारण मीटरमागे 10 मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नमेकरकडे खास मोजपट्टी असते. आपल्या घरातली पट्टी तिच्या शेजारी ठेवून बघा : पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचा प्रत्येक सेंटिमीटर आपल्या पट्टीवरच्यापेक्षा केसभर लांब. ती पट्टी मी पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा आकडे वाचत बराच वेळ तशीच धरून बसलो होतो.

आणि ‘लातूर पॅटर्न’, ‘कोल्हापूर पॅटर्न’ असं आपण वर्तमानपत्रांत वाचतो, तिथेही पॅटर्न म्हणजे इतरांनी गिरवावा असा नमुनाच. याला कुणी चुकीचं इंग्रजी म्हणालं तर मान्य करू नका. इंग्रजीचा जुना, अस्सल अर्थ मराठीने जपला आहे.

शेवटचा शब्द पाण्यातला. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांविषयीच्या इंग्रजी सरकारी कागदांत ‘नीडल’ बसवल्याचा, काढल्याचा उल्लेख येतो. सुया नव्हेत, त्या फळ्या. युरोपात नदी अडवायला लाकडी दांडे ओळीने उभे लावत. त्या बारीक दांड्यांना सुया म्हणत. आपल्या बंधाऱ्यात फळ्या आडव्या बसतात, पण नाव तेच राहिलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापासून कोणत्याही बंधाऱ्यावर जा, पावसाळ्याआधी या फळ्या काढणारी आणि पाऊस सरला की बसवणारी माणसं एकच शब्द वापरतात : बरगे. भाषांतर करणाऱ्याने तोच घ्यावा.

विद्यार्थ्याने वहीत ‘कारखाना’ खोडून ‘वखार’ लिहिलं आहे. पुढच्या आठवड्यात साखर कारखान्यातली ‘रिकव्हरी’ आणि आपला ‘उतारा’ बघू. तोवर एक काम तुमच्याकडे : तुमच्या कामाच्या जागी रोजच्या बोलण्यातला एखादा सोपा इंग्रजी शब्द वेगळ्याच अर्थाने चालत असेल, तर तो वाक्यासकट आणि ज्या वस्तूसाठी वापरता तिच्या वर्णनासकट लिहून पाठवा. असे शब्द कोशात सापडत नाहीत, ते तुमच्याकडूनच मिळतील.